जुन्या बोलपटातला आवाज : नटाचा किती, यंत्राचा किती?

जुना बोलपट वर्गात दाखवला, की मुलांचे शेरे साधारण ठरलेले असतात. 'सगळे ओरडून बोलतात', 'एकाच जागी खांबासारखे उभे राहतात', 'आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो', 'शब्द नीट कळत नाहीत'. आमच्या वणीतली मुले हेच म्हणतात आणि मोठ्या शहरांतले जाणते रसिकही हेच म्हणतात. फरक भाषेचा. रसिक म्हणतात, 'अभिनय नाटकी आहे आणि ध्वनिमुद्रण सदोष आहे.'

म्हणजे तक्रारी दोन. अभिनयाबद्दलची पहिली आपण नटाच्या खात्यावर टाकतो आणि आवाजाबद्दलची दुसरी यंत्राच्या. पण ही वाटणी बरोबर आहे का? प्रयोगशाळेत कोणतेही मोजमाप वाचताना यंत्रामुळे आलेला भाग आधी वजा करावा लागतो. तराजूचे रिकामे पारडेच पाच ग्रॅम दाखवत असेल, तर त्यात ठेवलेल्या वस्तूचे वजन तेवढ्याने कमी धरावे लागते. जुना बोलपट पाहतानाही हीच काळजी घ्यायला हवी, कारण पडद्यावरचा नट आपल्याला थेट दिसत वा ऐकू येत नाही. तो कॅमेरा, माईक, फिल्म, प्रक्षेपक आणि कर्णा एवढ्यांतून गाळून आपल्यापर्यंत पोचतो.

घाईघाईने चालणारी माणसे

आधी मूकपटातले एक सोपे उदाहरण घेऊ. मूकपटांतली माणसे तुरुतुरु चालतात, झटके दिल्यासारखे हातवारे करतात. त्यामुळे 'मूकपटातला अभिनय हास्यास्पद असे' असा समज पसरला. खरे कारण वेगळे आहे. मूकपटाचा कॅमेरा बहुधा हाताने फिरवत आणि त्यात सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी टिपल्या जात. बोलपट आल्यावर हा वेग सेकंदाला २४ चौकटी असा ठरून गेला. १६ चौकटींच्या वेगाने टिपलेली फिल्म २४ च्या वेगाने दाखवली, तर पडद्यावरची प्रत्येक हालचाल दीडपट जलद होते. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' मधले नट त्या वेगाने चालले नव्हते, पण चुकीच्या वेगाने दाखवले तर तसे दिसतील. इथे यंत्राचा दोष सरळसरळ नटाच्या खात्यावर चढला. बोलपटात असेच काही झाले आहे का, हे आता पाहू.

दोन पहिले बोलपट

भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा हा बोलपट. चार आण्यांची तिकिटे चार-पाच रुपयांना विकली गेली आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, अशा आठवणी त्या वेळच्या लोकांनी सांगितल्या आहेत. पण 'आलम आरा' ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यातला आवाज कसा होता, हे आपल्याला आता कानांनी तपासता येत नाही.

पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' हा प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापूरला तयार केला. तो १९३२ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांच्याकडे. सुदैवाने हा बोलपट टिकून आहे. शिवाय तो मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढला गेला आणि दोन्हींत मुख्य कलावंत तेच होते. कथाही फाळक्यांच्या पहिल्या मूकपटाचीच, हरिश्चंद्राची. म्हणजे एकच कथा १९ वर्षांच्या अंतराने एकदा मुक्याने आणि एकदा बोलून सांगितली गेली. आपल्या तपासणीसाठी यापेक्षा चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

आवाजाचे चित्र

फिल्मवर आवाज कसा मुद्रित होतो? माईकवर पडणाऱ्या ध्वनिलहरींचे विजेच्या कमीजास्त होणाऱ्या प्रवाहात रूपांतर होते. त्या प्रवाहाच्या साहाय्याने एक प्रकाशाचा किरण कमीजास्त केला जातो आणि तो सरकत्या फिल्मच्या कडेला असलेल्या अरुंद पट्टीवर पाडला जातो. फिल्म धुतल्यावर त्या पट्टीवर काळ्यापांढऱ्या छटांची किंवा कमीजास्त रुंदीची नक्षी उमटते. ही झाली ध्वनिपट्टी. चित्रपटगृहात तिच्यातून प्रकाशाची बारीक रेषा आरपार पाठवतात. पलीकडच्या प्रकाशविद्युत घटात त्यामुळे पुन्हा कमीजास्त प्रवाह तयार होतो, तो वाढवला जातो आणि कर्ण्यातून आवाज येतो.

आता थोडे गणित. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चौकटीची उंची सुमारे १९ मिलिमीटर असते. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फिल्म सेकंदाला २४ × १९ = ४५६ मिलिमीटर सरकते. १०० हर्ट्झचा खर्जातला आवाज असेल, तर त्याची एक लहर ४५६ ÷ १०० म्हणजे साडेचार मिलिमीटर जागा घेते. ५,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर मात्र ०.०९ मिलिमीटरमध्ये बसवावी लागते. जितका आवाज बारीक, तितकी नक्षी बारीक. फिल्मवरच्या रसायनाचे कण आणि वाचणाऱ्या प्रकाशरेषेची जाडी यांमुळे या बारकाव्याला मर्यादा पडते. जाड टोकाच्या बोरूने बारीक अक्षर काढता येत नाही, तसाच हा प्रकार. १९३० च्या सुमारास साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या पलीकडचे आवाज पट्टीवर फारसे उरत नसत. निरोगी तरुण कान तर सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो.

स, श आणि फ

पाच हजारांच्या वरचे आवाज गेले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. गाण्याचे सूर तर त्याच्या बरेच खाली असतात. बिघडते ते बोलण्याचे. स्वरांची, म्हणजे अ, आ, ओ यांची बरीचशी ताकद हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असते. व्यंजनांची ओळख पटवणारे आवाज वरच्या भागात असतात. 'श' ची शक्ती साधारण तीन-चार हजारांच्या आसपास असते, तर 'स' ची चार हजारांपासून आठ हजारांपर्यंत आणि त्यापुढेही पसरलेली असते. वरचा भाग कापला गेला, की 'स' लंगडा होतो आणि 'फ' सारखा ऐकू येऊ लागतो. 'चहा' मधला च आणि 'चाक' मधला च यांतला फरक पुसट होतो, कारण 'चाक' मधल्या च मध्ये 'स' चा अंश आहे.

जुन्या साध्या टेलिफोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवला जाई. 'साठे' की 'फाटे' असा गोंधळ होऊन नाव अक्षर-अक्षर सांगावे लागे, ते यामुळेच. टेलिफोनवर आपण काय करतो? आवाज चढवतो, सावकाश बोलतो, प्रत्येक अक्षर तोडून उच्चारतो. बोलपटातल्या नटांनीही तेच केले असेल तर त्यात नवल ते काय? ते जे करत होते, ते अर्धवट बहिऱ्या यंत्राला समजेल असे बोलणे होते. आज आपण त्याला ओरडणे म्हणतो.

एक माईक आणि सगळा दरबार

आता 'खांबासारखे उभे राहतात' या शेऱ्याकडे वळू. ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. माईकपासून अर्ध्या मीटरवर असलेला नट दोन मीटरवर गेला, म्हणजे अंतर चौपट झाले, तर त्याच्या तोंडून माईककडे थेट येणारी ध्वनिशक्ती सोळावा हिस्सा उरते. भिंतींवरून परावर्तित होऊन खोलीभर घुमणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. थेट आवाज लहान आणि घुमणारा आवाज मोठा झाला, की बोलणे विहिरीतून आल्यासारखे वाटते. म्हणजे नट दोन पावले सरकला की त्याचा आवाज विहिरीत पडणार! त्यावर उपाय एकच, नटाने सरकायचे नाही.

'आलम आरा' च्या चित्रीकरणात माईक कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून नटांच्या जवळपास लपवावे लागत. स्टुडिओजवळून रेल्वेचे रूळ जात होते, म्हणून बरेचसे काम रात्री गाड्या थांबल्यावर चाले. वणीत रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात असताना ज्याने मोबाइलवर भाषण मुद्रित करून पाहिले असेल, त्याला ही अडचण वेगळी सांगायला नको. शिवाय कॅमेरा स्वतः खडखडतो आणि कार्बन आर्कचे दिवे गुणगुणतात. माईकला यांतले नको ते वगळता येत नाही. आपला मेंदू गोंगाटातून हव्या त्या माणसाचे बोलणे वेचून घेतो. माईक सगळेच घेतो.

आणखी एक अडचण होती. 'आलम आरा' साठी वापरलेल्या तानार यंत्रात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटत. चित्रासाठी फिल्म प्रत्येक चौकटीला क्षणभर थांबावी लागते, तर आवाजासाठी ती न थांबता एकसारखी सरकावी लागते. म्हणून या दोन गोष्टी फिल्मच्या मार्गात वेगवेगळ्या ठिकाणी होतात आणि चित्राचा आवाज फिल्मवर त्याच्या सुमारे २० चौकटी पुढे असतो. वीस चौकटी म्हणजे जवळजवळ ३८ सेंटिमीटर, वेळेत पाऊण सेकंदाहून जास्त. कात्री लावायची तर चित्र तुटते एका शब्दावर आणि आवाज तुटतो दुसऱ्याच शब्दावर. त्यामुळे लांबलचक प्रसंग न तोडता घेणे सोयीचे पडे. आज अशा प्रसंगांना आपण 'संथ' म्हणतो.

गाण्यांचेही तसेच. पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे १९३५ च्या 'धूप छाँव' पासून रुजू लागली. तोपर्यंत नटाने कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचे, वादकांनी चौकटीबाहेर बसून साथ करायची आणि सगळे एकदमच मुद्रित व्हायचे. गाताना मान वळवली तरी आवाज बदलायचा. मग अभिनय करायचा तो किती?

नवी परीक्षा, नवे उमेदवार

माईकने नटांची निवडही बदलली. मूकपटातले लोकप्रिय नायक मास्टर विठ्ठल 'आलम आरा' चे नायक होते, पण त्यांचे हिंदुस्तानी उच्चार चांगले नसल्याने त्यांच्या भूमिकेतले बोलणे कमी ठेवावे लागले. मूकपटांची मोठी तारका सुलोचना हिला काही काळ बाजूला राहून भाषा शिकावी लागली. ज्यांचा आवाज तयार होता अशांना मागणी आली, आणि तो तयार होता संगीत नाटकांत.

'अयोध्येचा राजा' मध्ये हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. हे नामवंत हार्मोनियमवादक आणि 'मानापमान' नाटकाच्या पदांना चाली देणारे संगीतकार. त्या काळच्या नाटकगृहात माईक नसे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द पोचवायचा, तर आवाज लावूनच बोलावे लागे. आपल्या विदर्भातल्या दंडारीत किंवा खडी गंमतीत उघड्यावर गाणारा कलावंत आवाज वर चढवतो, त्याचे कारणही हेच. हा आवाज त्या प्रेक्षकांना नाटकी वाटत नव्हता. स्पष्ट, भारदस्त बोलणे ऐकण्यासाठीच त्यांनी तिकीट काढलेले असे. कालपर्यंत त्यांना पाट्या वाचाव्या लागत आणि पेटी-तबल्यावर समाधान मानावे लागे. आज पडद्यावरचा राजा खुद्द बोलत होता.

तेव्हा नाटकीपणा सगळाच यंत्राने आणला असेही म्हणता येत नाही. थोडा यंत्राचा, थोडा रंगभूमीच्या सवयीचा आणि थोडा त्या-त्या नटाचा. हे तीन भाग वेगळे कसे करायचे?

दोष वाटून देण्याची रीत

यासाठी एक साधी कसोटी वापरता येते. जो दोष सगळ्यांत सारखा आढळतो, तो बहुधा यंत्राचा. जो माणसागणिक बदलतो, तो माणसाचा.

गाण्यातला लांबवलेला सूर थरथरतो आहे असे वाटले, तर साथीच्या पेटीकडे लक्ष द्या. पेटीची पट्टी थरथरत नसते. पेटीचा सूरही गायकाबरोबर हलत असेल, तर फिल्मचा वेग हलतो आहे. पेटी स्थिर आणि गळा हलत असेल, तर तो गायकाचा प्रश्न. सगळ्यांचाच 'स' बोथट असेल, तर ध्वनिपट्टी तपासा. एकाचाच असेल, तर त्याची जीभ.

'अयोध्येचा राजा' मध्ये ही कसोटी लावायला चांगली संधी आहे. रंगभूमीच्या संगीतातून आलेले टेंबे, रंगभूमीची तालीम न घेता चित्रपटात आलेल्या दुर्गा खोटे आणि मूकपटांच्या काळापासून चित्रसृष्टीत असलेले बाबुराव पेंढारकर, असे तिघे एकाच यंत्रसामग्रीपुढे उभे आहेत. यंत्र सारखे आणि माणसे तीन. तिघांच्या बोलण्यात जो फरक कानाला जाणवेल तो यंत्राचा असणार नाही. हिंदी आवृत्ती मिळाली तर दुसरा ताळाही घेता येतो. तिथे यंत्र तेच, माणसे तीच, बदलली फक्त भाषा. विज्ञानात एकावेळी एकच गोष्ट बदलून पाहतात. प्रभातने नकळत तसा प्रयोग आपल्यासाठी करून ठेवला आहे.

पाच वर्षांत काय बदलले

कॅमेऱ्याला आवाज अडवणारे कवच आले. माईक लांब दांड्याला टांगून नटाच्या डोक्यावरून फिरवता येऊ लागला. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फिल्मवर घेऊन नंतर जुळवण्याची पद्धत रुळली. नटाचे पाय मोकळे झाले आणि दिग्दर्शकाची कात्रीही.

प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली. तिचा 'संत तुकाराम' १९३६ मध्ये आला, मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. त्यातली आवलीची भूमिका करणाऱ्या गौरी या तालमीतल्या नटी नव्हत्या, तरी त्यांचे घरगुती, भांडखोर बोलणे आजच्या मुलांनाही नाटकी वाटत नाही. पुढच्याच वर्षी शांतारामांनी 'कुंकू' मध्ये पार्श्वसंगीत टाळून घड्याळाच्या ठोक्यांसारखे रोजचे आवाज वापरले. ज्या माईकपासून १९३१ साली बाहेरचे आवाज लपवावे लागत, त्याच माईककडून सहा वर्षांनी ते मुद्दाम मागून घेतले गेले. एवढ्या थोड्या काळात मराठी माणसाची अभिनयाची समज मुळापासून बदलली असेल, असे मानणे कठीण आहे. यंत्राने दिलेली मोकळीक हे या बदलाचे एक मोठे कारण असले पाहिजे.

अर्थात सगळ्याच मोठ्या कलावंतांना ही मोकळीक मानवली असे नाही. १९३५ च्या 'धर्मात्मा' मध्ये बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली. रंगभूमीवर समोरचा प्रेक्षक ज्यांच्याकडून पद पुन्हापुन्हा गाऊन घेई, ते बालगंधर्व या एकाच चित्रपटानंतर प्रभातपासून दूर झाले.

आपल्यापर्यंत पोचेपर्यंत

वजाबाकीत आणखी एक रक्कम राहिली. १९३२ च्या प्रेक्षकाने ऐकला तो नव्या प्रतीचा आवाज. आपण ऐकतो तो प्रतीच्या प्रतीचा. प्रत्येक नव्या प्रतीत बारीक नक्षी थोडी पुसते आणि ओरखड्यांची खरखर वाढते. गावोगाव आणि फिल्म सोसायट्यांत फिरणाऱ्या अनेक प्रती १६ मिलिमीटरच्या असत. त्यात फिल्मचा वेग सेकंदाला सुमारे १८३ मिलिमीटर, म्हणजे मूळच्या दोन पंचमांश. पाच हजार हर्ट्झची लहर तिथे ०.०४ मिलिमीटरपेक्षाही कमी जागेत कोंबावी लागते. उरलासुरला 'स' ही गेला! शेवटी ही प्रत आपण मोबाइलच्या बोटभर कर्ण्यावर ऐकतो आणि त्यात खालचे सूरही गळतात.

मग संगणकाने खरखर काढून टाकली तर? इथे एक मोठा पेच आहे. 'स' हा उच्चार म्हणजे स्वतःच एक खरखर असते. त्याला ठरावीक सूर नसतो, त्यात अनेक वारंवारतांचा गोंधळ असतो. खरखर ओळखून पुसणारे यंत्र जरा जास्त चालवले, की नटाचे उरलेले व्यंजनही पुसते. स्वच्छ केलेली प्रत शांत वाटते, पण शब्द आणखी बोबडे होतात. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी मूळ फिल्म जपून ठेवण्याला इतके महत्त्व का, हे यावरून लक्षात येईल. पुढे चांगली साधने आली, तर पुन्हा मुळाकडे जाता आले पाहिजे. 'आलम आरा' बाबतीत तो मार्गच बंद झाला आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. एका विद्यार्थ्याला मोबाइलपासून अर्धा, दोन आणि चार मीटरवर उभे करून एकच उतारा एकाच आवाजात वाचायला सांगा. वर्गात एकदा आणि मोकळ्या मैदानावर एकदा. 'विहीर' कुठे सुरू होते ते नोंदवा.

२. सार, फार, चार, खार. सोड, फोड, खोड. साल, शाल, चाल असे शब्द उलटसुलट क्रमाने मुद्रित करा. आधी तसेच ऐकवून मुलांना लिहायला लावा. मग लाउडस्पीकरवर चार पदरी गोधडी टाकून ऐकवा. कापड वरच्या वारंवारता जास्त शोषते. कोणते शब्द चुकतात आणि कशाबद्दल काय लिहिले जाते, याचा तक्ता करा.

३. जुन्या बोलपटाचा पाच मिनिटांचा भाग घ्या. एका गटाला फक्त चित्र, दुसऱ्याला फक्त आवाज, तिसऱ्याला दोन्ही द्या. प्रत्येकाने अभिनयाबद्दल चार वाक्ये लिहावीत. नंतर तिन्ही गटांनी एकत्र बसून प्रत्येक शेऱ्यापुढे 'यंत्र', 'रंगभूमीची सवय', 'नट' आणि 'प्रत' यांपैकी एक शब्द लिहावा आणि कारण द्यावे.

तिसऱ्या प्रयोगात मतभेद होतील आणि ते व्हायलाच हवेत. काही शेऱ्यांपुढे दोन शब्द लिहावे लागतील. मुलांनी बोलपटाला चांगले म्हणावे असा आग्रह मुळीच नको. एखादा अभिनय खरोखरच वाईट असू शकतो. पण तसे म्हणण्यापूर्वी वजाबाकी केलेली असावी, एवढेच. ज्या शिक्षकांना हे तक्ते करून पाहता येतील, त्यांनी मुलांच्या नोंदी आमच्याकडे अवश्य पाठवाव्यात.